खापर देणारे हात

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या काही गुरुवारी आरतीनंतर भगिनींचे तेच तेच प्रश्न येत आहेत. "मुलांच्या वाढदिवसाला केक करावा का? केक आपला नव्हे, मग देवापुढं ठेवला तर चालतो का? अंडं न घालता घरी होतो का? एकदा यावर लिहा की." म्हणून हा लेख. कृती खाली दिली आहे. पण कृती लिहायला बसलो आणि आमच्याच घरातली एक गोष्ट आडवी आली. ती झाकून ठेवून नुसतं दही-पिठाचं माप सांगणं काही मनाला पटेना. तेव्हा थोडं मोठं झालं आहे, पण सवडीनं शेवटपर्यंत वाचा. घरात मोठ्यांना वाचून दाखवा.

*आपला भाग गोडाचा*

आपण राहतो तो सगळा पट्टाच गोडाचा आहे. बेळगावचा कुंदा घ्या. दूध तासन्‌तास आटवायचं, तेव्हा तो तांबूस रंग येतो. गोकाकचा करदंट घ्या. कन्नडमध्ये 'करिद' म्हणजे तळलेला आणि 'अंटु' म्हणजे डिंक, तळलेल्या डिंकाचा म्हणून करदंट. बाळंतिणीला द्या, तालमीतल्या पोराला द्या. कोल्हापूरचा गूळ तर आपल्या उंबऱ्यावरच आहे. नरसोबाच्या वाडीला दर्शनाला गेलो की पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतल्याशिवाय आपण परत फिरत नाही. आणि बेळगावकडच्या लग्नात मांडे नसले तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही.

भाजण्याचं कामही आपल्याला नवीन नाही. आमच्या लहानपणी दिवाळीआधी मैदा, तूप, साखर पिशवीत घालून भट्टीवर जायचं. नानकटाईचे ट्रे नंबरावर लावायचे. रात्री उशिरा पत्र्याचा डबा भरून घरी आणायचा आणि वाटेत दोन खायच्या. ओव्हन हा शब्द तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हता, पण भट्टीचा वास ठाऊक होता.

मग केक आपला की परका? हा प्रश्न एकदा सत्संगात निघाला तेव्हा महाराज हसले. म्हणाले, "एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाता न्हवं? त्यातला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची, चारी समुद्रापलीकडनं आलेत. निपाणीची चूल ज्या तंबाखूवर पेटली, तो तंबाखूबी तिकडचाच. देवानं कुणाला परत धाडलं न्हाई. भावानं केलं आणि वाटून खाल्लं, की झाला प्रसाद."

मेणबत्तीबद्दल मात्र ते एवढंच सांगतात की शुभ दिवसाची सुरुवात दिवा लावून करा, विझवून नको. आधी निरांजन लावा, ओवाळा, मग केक कापा. फुंकर मारून सगळी थुंकी केकवर उडवायची आणि तोच केक सगळ्यांना वाटायचा, हे आरोग्यालाही बरं नाही. केक तोंडाला फासण्याचा प्रकार आपल्या परिवारात तरी बंद व्हावा. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणायचं आणि तेच नाकाडोळ्यांत कोंबायचं, हे जुळत नाही.

*आमच्या काकू*

आमच्या धाकट्या काकांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. काकू तेव्हा चाळिशीच्या होत्या. पदरात दोन मुली. काही वर्षं तंबाखूच्या वखारीत कामाला गेल्या, पुढं घरी विड्या वळल्या. दोन्ही मुलींची लग्नं केली. आता आमच्यातच असतात. घरात कुणाचं काही असू दे, गोडाचं काम काकूंकडं. पुरणपोळी त्यांची, शंकरपाळी त्यांची. आणि गेल्या पाच-सहा वर्षांत पोरांच्या हट्टापायी शिकल्या तो कुकरमधला केकही त्यांचाच.

आमच्या पुतण्याचा पाचवा वाढदिवस होता. काकू पहाटे उठल्या. गूळ किसला, पीठ दोनदा चाळलं. पहिला केक मधे बसला, तो बाजूला ठेवून पुन्हा दुसरा केला. संध्याकाळी पाहुणे आले. पाच सवाष्णींनी पोराला ओवाळलं. केक कापला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. रात्री फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर पडले. सगळ्यांनी "वा वा, केक मस्त" असं लिहिलं.

त्यातल्या एकाही फोटोत काकू नव्हत्या. एका फोटोत स्वयंपाकघराच्या दाराशी हिरव्या काठाचा पदर तेवढा दिसत होता.

खरं सांगायचं तर आम्हाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. एकोणीस वर्षं असंच चाललं होतं. ओवाळायची वेळ आली की काकू आपणहून आत जायच्या आणि आम्ही त्यांना जाऊ द्यायचो. कुणी कधी "जा" म्हटलं नव्हतं. पण "या" असंही कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. केकचा एक तुकडा डब्यात घालून महाराजांच्या दर्शनाला नेला. महाराजांनी कणभर तोंडात टाकला.

"गोड झालाय. कुणी केलाय हा?"

"आमच्या काकूंनी, महाराज."

"मग त्यांनी ओवाळलं असंल पोराला?"

आम्ही गप्प. शेजारी आई उभी होती, तीही गप्प. महाराजांनी पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळानं सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "मांडे खाल्लेत काय रे कुणी?" आणि त्या दिवशीच्या सत्संगात मुक्ताईच्या मांड्यांची कथा सांगितली. ती आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकली आहे. पण त्या दिवशी ती वेगळी ऐकू आली.

*मुक्ताईचे मांडे*

मांडे करणं किती अवघड, हे केलेल्यालाच कळतं. पीठ वस्त्रगाळ लागतं. ते मळून मळून इतकं लवचिक करायचं की हातावर झुलवत झुलवत कागदासारखं पातळ पसरलं पाहिजे. मग उपड्या खापरावर टाकून भाजायचं. गरम आहे तोवर साखर-वेलची घालून घडी घालायची. एक क्षण उशीर झाला की कडक झाला, घडीच पडत नाही. पीठ आहे, तूप आहे, साखर आहे, हातात कला आहे, पण खापर नसेल तर मांडा होत नाही. म्हणून तर आपल्याकडं 'मनात मांडे खाणं' म्हणतात. मनात खायला खापर लागत नाही.

कथा अशी सांगतात. निवृत्तीनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताई खापर आणायला कुंभारवाड्यात गेली. ही चार भावंडं संन्याशाची पोरं म्हणून आळंदीनं वाळीत टाकलेली. विसोबा चाटी नावाच्या गृहस्थांनी कुंभारांना बजावून ठेवलं होतं की ह्या पोरीला खापर द्यायचं नाही. मुक्ताई रिकाम्या हातानं रडत घरी आली. ज्ञानेश्वर माउलींनी तिला समजावलं. योगबळानं जठराग्नी पेटवला, पाठ तापून लाल झाली, आणि म्हणाले, भाज माझ्या पाठीवर. मुक्ताईनं मांडे भाजले.

विसोबा हे बघत होते. त्यांचा अभिमान गळला. ते आत धावले आणि त्या भावंडांच्या ताटातलं उष्टं प्रसाद म्हणून खाऊ लागले. ज्यांनी खापर अडवलं, तेच पुढं विसोबा खेचर झाले आणि संत नामदेवांचे गुरू झाले.

महाराज म्हणाले, "आपण ही कथा ऐकतो आणि माउलींच्या चमत्काराला हात जोडतो. जोडावेतच. पण आपण त्या कथेत कोण आहोत, हे कधी विचारलं काय? ज्ञानोबा तर आपण न्हवं. मुक्ताईबी न्हवं. आपण कुंभारवाड्यातली माणसं. त्यांचं मुक्ताईशी काय वैर होतं? काहीच न्हाई. कुणीतरी मोठ्यानं सांगितलं 'देऊ नका', म्हणून दिलं न्हाई. घरात खापरं रचून ठेवलेली होती. एकानं जरी उचलून दिलं असतं, तर माउलींना पाठ भाजून घ्यावी लागली नसती."

पुढं आमच्याकडं न बघता एवढंच बोलले. "आपल्या घरातबी खापर अडवलेलं कुणीतरी असतंय. राबायला चालतं, ओवाळायला चालत न्हाई. एवढंच बघा."

परत येताना वाटेत आई एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावरही दोन दिवस तिचं बोलणं तुटकच होतं. आम्ही तिला दोष देत नाही. तिनं तिच्या सासूकडं जे बघितलं तेच जपलं. तिच्या मनात काकूंबद्दल राग कधीच नव्हता. होती ती भीती. पोराला काही झालं तर? ही भीती आपल्यातल्या पुष्कळांच्या घरात आहे, म्हणून हे लिहितो आहोत.

*शेजारच्या गावाचा ठराव*

आपल्यापासून फार लांब नाही, शिरोळ तालुक्यात, म्हणजे वाडीच्या दत्तमहाराजांच्याच तालुक्यात, हेरवाड हे गाव आहे. मे २०२२ मध्ये त्या गावच्या ग्रामसभेनं ठराव केला की पती वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. ते वर्ष राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं होतं. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा आदर्श घ्यायला सांगितलं.

कुणी म्हणेल, ते महाराष्ट्रात, आपण कर्नाटकात. खरं आहे. पण वेदगंगेचं पाणी सीमा बघून वाहत नाही, आणि काकूंच्या डोळ्यातलंही नाही. एक अख्खं गाव एकत्र बसून हे करू शकतं, तर आपल्याला आपल्या एका घरात करायला कुणाचा ठराव हवा?

*मग काय झालं*

अडीच महिन्यांनी पुतण्याच्या धाकट्या बहिणीचा पहिला वाढदिवस आला. केक अर्थात काकूंनी केला. ओवाळायची वेळ झाली तशा त्या नेहमीप्रमाणे आत निघाल्या. आम्ही म्हणालो, "काकू, थांबा. तुम्हीबी ओवाळा."

काकू घाबरल्या. आईकडं बघून म्हणाल्या, "नको वो अक्का. मला कशाला मधे घेतासा? पोरीचा पहिला दिवस हाय. उगं कुणाच्या मनात काय यायला नको."

घर पाहुण्यांनी भरलेलं. सगळे बघत राहिले. आम्हाला पुढं काय बोलावं सुचेना. तेवढ्यात आई उठली. तबक उचललं, काकूंपुढं धरलं आणि म्हणाली, "धर गं. पहाटेपास्नं कुकरचे चटके खाल्लीस तवा न्हाई भ्यालीस, आता तबकाला काय भितीस?"

काकूंनी हात पुढं केला, पण तबक एकट्यानं घेईनात. हात थरथरत होते. मग आईनं एक बाजू धरली, काकूंनी दुसरी. दोघी जावांनी मिळून पोरीला ओवाळलं. काकूंनी तिच्या तोंडात साखरेचा दाणा घातला. पोरगी निरांजन पकडायला बघत होती, तिला सावरण्यातच सगळ्यांची गडबड झाली, हसं झालं.

सगळं गोडच झालं असं सांगणार नाही. पाहुण्यांतल्या एक नात्यातल्या बाई न जेवता उठून गेल्या. त्यांचं येणं-जाणं अजून बंद आहे. आम्ही त्यांना दोनदा फोन केला, पुन्हा करू. विसोबांनाही वेळ लागलाच की. त्यांच्यासाठीही आमच्या ताटात मांडा ठेवलेला आहे.

आणि काकू? त्या रात्री भांडी घासताना आईला म्हणाल्या, "अक्का, एकोणीस वर्सानं तबक हातात आलं. जड लागलं वो." आई काही बोलली नाही. शेजारी बसून भांडी विसळू लागली.

*काकूंची कृती*

आता विचारलेली कृती. ही काकूंनी सांगितली तशीच देतो. वाटी घरातली कुठलीही घ्या, पण सगळ्याला तीच.

साहित्य: गव्हाचं पीठ दीड वाटी, ताजं दही एक वाटी, किसलेला गूळ पाऊण वाटी, तेल अर्धी वाटी, बेकिंग पावडर एक चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा, वेलची-जायफळ पूड, आणि लागेल तसं दूध.

१) मोठ्या कुकरच्या झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी आधी काढून ठेवा. हे विसरायचं नाही. आत पाणी नसतं, म्हणून वाफ कोंडायची नाही. तळाशी दीड-दोन वाट्या जाडं मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मिठामुळं उष्णता सगळीकडं सारखी लागते आणि केक खालून करपत नाही. हे मीठ पुढच्या केकला पुन्हा वापरता येतं, स्वयंपाकात मात्र घालू नका.

२) दह्यात गूळ पूर्ण विरघळवा. त्यात तेल घालून फेटा. पीठ, बेकिंग पावडर आणि सोडा एकत्र दोनदा चाळून त्यात मिसळा. घट्ट वाटलं तर थोडं दूध. मिश्रण चमच्यावरून सावकाश पडेल इतकं असावं. फार घोटू नका.

३) दह्याच्या आंबटपणाशी सोडा भेटला की बुडबुडे सुटतात. केक फुगतो तो त्यांच्यामुळं. म्हणून मिश्रण झालं की वेळ घालवू नका, लगेच तेल लावलेल्या डब्यात ओता. डबा अर्ध्याहून थोडाच जास्त भरा.

४) डबा स्टँडवर ठेवा, झाकण लावा, आच मंद. चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. पहिला अर्धा तास झाकण उघडू नका, नाहीतर मधे बसतो. सुरी टोचून बघा, कोरडी निघाली की झाला. पूर्ण गार झाल्यावरच डब्यातून काढा.

एक सूचना. गुळाचा केला म्हणून मधुमेहाच्या माणसाला चालतो, असं समजू नका. गुळानंही रक्तातली साखर वाढतेच. घरातल्या आजोबांना वगळायचं नाही, पण तुकडा प्रसादाएवढा द्या, आणि त्यांच्यासाठी भाजलेले शेंगदाणे, फळाची फोड असं काहीतरी ताटात हमखास ठेवा. आपल्यासाठीही कुणी विचार केला, एवढं त्यांना पुरतं.

काकूंना विचारलं, "शिट्टी काढायची हे बायका विसरतात, काय लिहू?" त्या हसून म्हणाल्या, "लिव्हा, केक असू दे न्हाईतर माणूस, कोंडून ठिवलं तर फुगत न्हाई, फुटतंय." महाराजांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. म्हणाले, "पुढच्या गुरुवारी प्रवचन त्यांनाच करू दे."

*या महिन्याचा संकल्प*

वाढदिवस, बारसं, साखरपुडा, दिवाळी, कुठलाही कार्यक्रम असो, परिवारातल्या प्रत्येक घरानं एवढं करावं ही विनंती:

• ज्यांनी गोड केलं, त्यांना पहिला घास द्या. उरलं तर त्यांना, असं नको.

• ओवाळण्याआधी एकदा मोजा, घरातलं कोण आत राहिलं आहे. त्यांना नावानं, नात्यानं हाक मारा. त्या "नको" म्हणतील. एकदा म्हटलं म्हणून सोडू नका, पण ओढूनही आणू नका. तबकाची एक बाजू आपण धरा.

• घरातली म्हातारी माणसं नाराज झाली तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्याजवळ बसा. त्यांची भीती खरी असते, ती प्रेमानंच जाते.

• कामाला येणाऱ्या मावशी, शेजारची एकटी राहणारी आजी, यांचा वाटा केक कापायच्या आधी बाजूला काढा.

• फोटो काढताना स्वयंपाकघरातल्यांना बाहेर बोलवा. आम्हाला एका पदरानं शिकवलं, तुम्हाला तेवढीही वाट बघायला लागू नये.

कुणाच्या घरी असं काही घडलं, चांगलं किंवा वाईट, तर पुढच्या गुरुवारी येऊन सांगा. आणि हा लेख नातेवाइकांच्या ग्रुपवर पुढं पाठवायच्या आधी उठून आपल्या स्वयंपाकघरात जाऊन या. तिथं कोण उभं आहे बघा. आधी त्यांना वाचून दाखवा.

पुढच्या गुरुवारी आरती नेहमीच्या वेळेला. प्रसादाची सेवा आमच्या घरी आहे. काकू केक करणार आहेत, सगळ्यांनी यावं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏